चौथ्या खुर्चीपुढची ताटली

१

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मालकीणबाई काउंटरच्या चौथ्या खुर्चीवर बसल्या, ताटलीतला पहिला काप त्यांनी तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"हे आलेत का?" त्यांनी विचारलं.

काउंटरपलीकडे शेफ हात पुसत होता. "कोण, ताई?"

"हे."

शेफचे हात टॉवेलमध्येच थांबले. मालकीणबाई ज्यांना 'हे' म्हणत, ते गृहस्थ सात वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी 'दोन दिवसांत येतो' म्हणून बाहेर पडले होते. बाकी सगळे त्यांना 'मोठे' म्हणत. उपाहारगृह त्यांनीच सुरू केलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेरू देशात मजुरीला गेलेल्या जपान्यांनी आपली सुरी आणि तिथली मिरची एकत्र आणून जे जेवण घडवलं, ते मोठे तिकडच्या एका बंदरातल्या स्वयंपाकघरात आठ वर्षं राबून शिकून आले होते. दहा खुर्च्यांचं काउंटर, चार टेबलं. गिऱ्हाइकांसमोर मासा कापायचा, कच्चाच वाढायचा, वर पिवळ्या मिरचीचा आणि लिंबाचा झणझणीत रस. त्या पदार्थाचं नाव तिरादितो. लोक लांबून यायचे ते त्याच्यासाठी.

दार साडेबाराला उघडे. त्याआधी दिवसाची पहिली ताटली मालकीणबाई चाखत. हा नियम मोठ्यांचा. दुसरा नियमही त्यांचाच: स्वयंपाकघर आणि काउंटर यांच्यामधल्या कट्ट्यावर ताटली आली की ती स्वयंपाकघराची, कुणा एकाची नाही. ती कुणी केली हे विचारायचं नाही. कौतुक झालं तर सगळ्यांचं, बोलणी बसली तरी सगळ्यांना.

मालकीणबाईंनी ताटलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. सुरमईचे सात काप होते. रस वर नव्हता, काचेसारख्या पारदर्शक कापांच्या खाली होता.

"ही कुणी केली?" त्यांनी विचारलं.

चौदा वर्षांत त्या स्वयंपाकघरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेफनं थंड काउंटर, म्हणजे कच्च्या माशाच्या पदार्थांची बाजू, सांभाळणाऱ्या बाईकडे पाहिलं. तिनं शेफकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीन वाजता, मालकीणबाई कोर्टात शपथेवर सांगणार होत्या की गेल्या सात वर्षांत नवऱ्याची काहीही खबर आपल्याला मिळालेली नाही, म्हणून त्यांना मृत समजावं.

२

मालकीणबाईंनी आपल्या वकिलांना फोन केला. त्यांनी एका तासात बेलीफबाईंना पाठवलं. कोर्टाचे समन्स लोकांच्या हातात देण्याचं काम या बाईंनी एकतीस वर्षं केलं होतं, म्हणजे ज्यांना सापडायचं नसतं त्यांना शोधण्याचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पायात जाड तळव्याचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि घाई नावाची गोष्ट अंगात नाही.

"वकीलसाहेब घाबरलेत," खुर्ची ओढून घेत त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही शपथ घ्यायची आणि परवा तुमचे यजमान दारात उभे राहायचे. खोटं शपथपत्र झालं म्हणजे तुमच्याबरोबर वकीलसाहेबांचीही धडगत नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"ते तुम्ही सांगा."

मालकीणबाईंनी सांगितलं. जागेचा भाडेकरार मोठ्यांच्या नावावर होता. या महिन्याच्या अखेरीला तो संपत होता. मुदत वाढवून घ्यायचा हक्क होता, पण नवा करार एक तर मोठ्यांच्या सहीनं होणार होता, नाही तर ते हयात नाहीत असं कोर्टानं म्हटल्यावर वारसाच्या. घरमालकाला तिथे औषधांचं दुकान हवं होतं आणि तो तारखा मोजत बसला होता.

"म्हणजे ते मेले तर हे उपाहारगृह जगतं," बेलीफबाई म्हणाल्या.

"असं मला लेकीनं पण सांगितलं. जरा गोड शब्दांत."

"आता ताटलीबद्दल सांगा. चवीवरून माणूस ओळखला म्हणता, ते मला पटायला हवं. मला स्वतःला चहा आणि कॉफी यातला फरक वासावरून कळतो, एवढीच माझी मजल."

मालकीणबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "चव त्यांची नव्हती. म्हणूनच ओळखली."

बेलीफबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"रस वरून ओतायचा, हे इथे पहिल्या दिवसापासून. ह्यांना ते मनातून आवडायचं नाही. म्हणायचे, जिभेला आधी मासा भेटला पाहिजे, मिरची नंतर, मासा गिळून झाल्यावर. रस खाली हवा. घरी जेवताना, झोपताना, सारखं तेच. मी नाही म्हणायचे. लोक तो पिवळाधमक रस बघायला येतात, मासा उघडा ठेवलात तर ताटली विधवेसारखी दिसेल, असं म्हणाले होते मी एकदा. शब्द बघा काय वापरला."

"हे भांडण स्वयंपाकघरात कुणी ऐकलं होतं?"

"स्वयंपाकघरात मी त्यांना कधी उलट बोलले नाही. ते घरातलं भांडण. पाच वर्षं चाललं. मग एक दिवस त्यांनी तो विषय काढणंच सोडलं, आणि सहा महिन्यांनी गेले." त्यांनी टेबलावरचा नसलेला कण बोटानं सारला. "माझ्या नाही म्हणण्यापायी गेले. सात वर्षं मी रोज त्या खुर्चीवर बसून पहिली ताटली खाते, आणि रोज मनात म्हणते, आज कुणीतरी रस खाली घालावा. कुणाला सांगत मात्र नाही."

"म्हणजे ही कल्पना फक्त तुम्हा दोघांना माहीत. ताटली तुम्ही केलेली नाही. सोपं आहे."

"सोपं नाही. त्यांनी घरी करून बघितलं होतं, बाई. दहा वेळा. जमलं नव्हतं. लिंबाचा रस खालून लागला की मासा मिनिटभरात पांढरा पडतो, शिजल्यासारखा. आजचे काप शेवटपर्यंत काचेसारखे होते. मासा आणि रस यांच्यामध्ये काहीतरी होतं, पातळ पापुद्र्यासारखं. समुद्रातल्या शेवाळाचं पान असावं. कागदाहून पातळ."

"मग?"

"मग हेच. इथून जाईपर्यंत त्यांना जमलं नव्हतं. आज ते जमलेलं माझ्यापुढे आलं."

३

शेफ मोठ्यांच्या हाताखाली चार वर्षं दुय्यम म्हणून राबला होता. ते गेल्यावर त्यानंच स्वयंपाकघर तारलं. कोर्टाचा निकाल लागला की मालकीणबाई त्याला भागीदार करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मोठे कागदोपत्री मेले तर त्याचं भलंच होतं.

"म्हणून मी ताईंना भूत दाखवलं?" तो म्हणाला. "शपथ पुढे ढकलली गेली तर माझंच नुकसान. डोकं लावा की जरा."

"लावतेय. ताटली कुणाची वाटली तुम्हाला?"

शेफनं आवाज उतरवला. "रेडिओची."

रेडिओ म्हणजे थंड काउंटरवरची बाई. दिवसाला सहा-सात शब्द बोले, म्हणून हे नाव. चाळिशीची, तीन महिन्यांपूर्वी आलेली, आधी कुठे होती ते कुणी विचारलं नव्हतं.

"हात चांगला आहे तिचा. मला वाटलं, काहीतरी नवं करून बघतेय आणि बोलायला घाबरतेय. म्हणून मी गप्प बसलो. नियम आहे आमचा."

"बारा वाजता तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या दारात. बर्फवाल्याशी भांडत. अर्धा बर्फ वितळवून आणतो आणि वर म्हणतो, पाणी पण बर्फच असतं."

रेडिओ फ्रीजशेजारी उभी होती. बेलीफबाईंनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"ताटली शेफनं केली," ती म्हणाली. तीन शब्द झाले.

"पाहिलंत तुम्ही?"

"नाही."

"मग?"

रेडिओनं आठवड्याचा कोटा एकदम खर्च केला. "मी पहिली ताटली केली होती. रोजच्यासारखी, रस वरून. कट्ट्यावर ठेवणार तेवढ्यात मासळीवाले काका म्हणाले, दुसऱ्या खोक्यात ऑक्टोपस आहे, तो आधी थंड खोलीत टाका. मी गेले. परत आले तर कट्ट्यावर ताटली होती. मला वाटलं, माझीच. मग ताईंनी विचारलं तेव्हा बघितली. माझी नव्हती. माझी नंतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सापडली, झाकून ठेवलेली. मला वाटलं, शेफला माझी पसंत पडली नाही, म्हणून त्यानं दुसरी केली आणि माझी लाज राखली. म्हणून मी गप्प बसले."

"तुमच्या ताटलीचं काय झालं?"

"मी खाल्ली."

बेलीफबाईंनी कोठार उघडायला लावलं. शेवाळ होतं, पण ते सुपाच्या पाण्यासाठी उकळायचं, जाड आणि चामड्यासारखं. कागदाहून पातळ पान सबंध कोठारात नव्हतं. शेफनं आपण ते कधी मागवलंच नसल्याचं सांगितलं.

म्हणजे पान बाहेरून आलं होतं. आणि दोन स्वयंपाकी एकमेकांना पाठीशी घालत असताना, त्या मधल्या मोकळ्या जागेत तिसरा कुणीतरी उभा राहून सात काप करून गेला होता.

४

लेक गिऱ्हाइकांच्या नोंदी सांभाळे. मोठे गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कोर्टात अर्ज करायला आईला तयार केलं ते तिनंच, आणि तीन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्रात नोटीस छापून आणली तीही तिनंच.

"तुमचा संशय माझ्यावर असेल," ती म्हणाली. "पण मला सुरी धरता येत नाही. आणि बाबांची आठवण म्हणून मी ताटली केली असती तर रस वरून ओतला असता. मला तीच आठवते. रस खाली घालायचं त्यांच्या मनात होतं, हे मला आज कळतंय. चोवीसाव्या वर्षी."

"राग आलाय?"

"सात वर्षं आलाय. आता सवय झालीये."

"जे त्यांना इथे ओळखत होते, ते सगळे तुमच्यासारखीच ताटली करतील," बेलीफबाई म्हणाल्या. "जुनी. ही ताटली करणाऱ्याला तुमचे वडील इथून गेल्यानंतर भेटलेत."

लेकीनं मान वर केली. "भेटलेत म्हणजे?"

"घाई नको. ताटली धुतली गेली असेल?"

"धुतली. पण फोटो आहे. पहिल्या ताटलीचा मी रोज काढते, गिऱ्हाइकांना पाठवायला."

तिनं फोन पुढे केला. बेलीफबाईंनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग शेफला हाक मारली.

"हे काप कसे आहेत? खरं सांगा."

"जाडी सारखी आहे. एका ओढीत कापलेत. हात बसलेला आहे." शेफनं चित्र मोठं केलं आणि चेहरा आंबट केला. "पण ही कडेची तपकिरी पट्टी बघा. माशाच्या मधोमध रक्ताची पट्टी असते, ती उग्र लागते. कापण्याआधी ती काढून टाकायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. सातही कापांना तशीच ठेवलीये. असं कापणारा माणूस माझ्याकडे एक तास टिकणार नाही."

"म्हणजे हात बसलेला आहे, पण स्वयंपाक्याचा नाही."

"स्वयंपाक्याचा असेल तर मी नोकरी सोडतो."

बेलीफबाईंनी लेकीकडे वळून विचारलं, "वडील जाण्याआधीच्या वर्षाची मेनूकार्डं आहेत?"

होती. मोठे डावखुरे, कार्डं स्वतःच्या हातानं लिहीत; लेकीनं सगळी ठेवली होती, एका बुटांच्या खोक्यात, तारखेवार. राग आलेल्या माणसाच्या मानानं फार नीट ठेवली होती. बेलीफबाईंनी ती टेबलावर ओळीनं मांडली. जानेवारीत पातळ कापांचे पाच पदार्थ होते. मार्चमध्ये तीन. एप्रिलमध्ये माशाचे चौकोनी तुकडे करून रसात मुरवलेले पदार्थ वाढले. जूनमध्ये पातळ कापांचा एकच पदार्थ उरला, तिरादितो, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'दुय्यम शेफच्या हातचा'. जुलैपासून कार्ड हातानं लिहिलेलं नव्हतं, छापलेलं होतं.

"आई म्हणते, तेव्हा त्यांचं इथलं मन उडत चाललं होतं," लेक म्हणाली.

बेलीफबाईंनी कार्डं पुन्हा खोक्यात रचली. "मासळीवाले किती वाजता येतात?"

"साडेअकराला. का?"

"एकतीस वर्षांत मी एक शिकले. हरवलेला माणूस कुठे आहे, हे कुणाला विचारू नये. त्याच्यासाठी कोण काय घेऊन जातं, ते बघत बसावं."

५

मासळीवाले काका चार तासांवरच्या बंदरातून सकाळी साडेसातला निघत आणि साडेअकराला मागच्या दाराशी गाडी लावत. मोठ्यांचे जुने दोस्त. मालकीणबाईंना वहिनी म्हणत. पन्नाशी उलटलेली, मनगटं जाड, गप्पा अखंड.

गुरुवारी त्यांनी खोकी उतरवली तेव्हा स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई लाकडी फळी आणि सुरी घेऊन उभी होती.

"नवी भरती?" काकांनी विचारलं. "शेफ, वय बघून घ्या की जरा."

"काका, मला माशातलं काही कळत नाही," बेलीफबाई म्हणाल्या. "आजच्या सुरमईचे पातळ काप करून दाखवता? हे दोघं मला हात लावू देत नाहीत."

काका हसले. हात धुतले, सुरमईचा तुकडा उचलला, सुरी लावली आणि एका ओढीत एक असे सात काप केले. कापताना बोलणं चालूच होतं. काप सारख्या जाडीचे होते. प्रत्येकाच्या कडेला तपकिरी पट्टी होती.

"ही पट्टी काढत नाही तुम्ही?"

"वजनावर विकणारा माणूस मी. मासा फेकायचा कसा? जीव होत नाही."

शेफ आणि रेडिओ एकमेकांकडे पाहत होते. काकांना उशिरानं ते जाणवलं. त्यांनी सुरी फळीवर ठेवली.

"सातच का कापलेत?" बेलीफबाईंनी विचारलं. "मी आकडा सांगितला नव्हता."

दारात मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

६

बेलीफबाईंनी सगळं उभ्यानंच सांगितलं, समन्स वाचून दाखवावं तसं.

"बुधवारी तुम्ही रेडिओबाईंना थंड खोलीत धाडलंत. शेफ बर्फवाल्याशी भांडत होते. त्यांचं भांडण पाच मिनिटांच्या आत मिटत नाही, हे तुम्हाला माहीत. मिरचीचा रस इथला घेतलात, शेवाळाचं पातळ पान खिशातून आणलंत. रेडिओबाईंची ताटली झाकून फ्रीजमध्ये ठेवलीत, कारण अन्न फेकायला तुमचा जीव होत नाही. ताटली कट्ट्यावर आली की कुणी विचारत नाही, हा नियम चौदा वर्षं ऐकत होतात. त्यावर विसंबलात. बाहेरच्यानं ताटली ठेवली तरी ती पचून जाईल, हा अंदाज बरोबर होता. ताईंनी नियम मोडला, एवढंच."

"मी चोरी केली नाही काही," काका म्हणाले.

"नाही केलीत. ताटलीची कल्पना मोठ्यांची. ते इथून गेल्यावर जमलेली. तुम्ही तिचे काप न चुकता केलेत, म्हणजे शंभर वेळा केले असणार, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. आता मला सांगा, आयुष्यभर सुरी चालवलेला माणूस शेजारी असताना मासा तुम्ही का कापता? आणि तो तुम्हाला पट्टी काढायला सांगत का नाही?"

मागे बर्फाच्या पेटीतून पाणी गळत होतं.

"कारण मदत मागणाऱ्यानं चुका काढायच्या नसतात," बेलीफबाई म्हणाल्या. "ताई, ते तुमच्या नाही म्हणण्यापायी गेले नाहीत. त्यांचा डावा हात थरथरायला लागला होता. जानेवारीत कधीतरी. आधी त्यांनी पातळ कापांचे पदार्थ काढून टाकले, मग चौकोनी तुकडे आणले, मग सुरी शेफला दिली, शेवटी कार्ड लिहिणंही सोडलं. सगळं मेनूकार्डावर आहे, तारखेवार."

शेफ हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, माझ्यावर विश्वास टाकतायत."

मालकीणबाई काकांकडे पाहत होत्या. "जिवंत आहेत?"

"आज पहाटे माझ्याबरोबर चहा घेतला त्यानं, वहिनी."

रेडिओनं मालकीणबाईंपुढे स्टूल सरकवलं. त्या बसल्या नाहीत.

"बंदरावर खानावळ आहे त्याची," काका सांगू लागले. "सहा बाकडी. हमाल जेवतात. पहाटे मी कापून ठेवतो, बाकीचं तो करतो. दोन वर्षांपूर्वी ते पातळ पान सापडलं त्याला, एका जहाजावरच्या आचाऱ्याकडे. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तो जेवलाच नाही. बसून राहिला. मी म्हटलं, वहिनींना कळव. म्हणाला, काय कळवू?"

"सात वर्षं तुम्ही रोज या दारात येताय."

"रोज वाटायचं, आज सांगावं. त्यानं शपथ घातली होती."

"आणि त्यांनी मला का नाही सांगितलं? हाताचं."

काका फळीवरच्या कापांकडे पाहत राहिले. "मी पण विचारलं होतं हे. म्हणाला, काउंटरवर दहा माणसं माझ्या हाताकडे बघत असतात. ते चाललं असतं. अकरावी ती."

लेक केव्हातरी आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात मेनूकार्डांचं खोकं होतं.

"नोटीस मी त्याला दाखवली," काका म्हणाले. "त्यानं दोनदा वाचली. म्हणाला, तिचं बरोबर आहे. फक्त शपथ घ्यायच्या आधी तिला एकदा हे खायला घाल. पुढचं तिचं ती ठरवेल. तिला कळलं तर कळलं, नाही कळलं तर तू काही बोलू नकोस."

"पहिल्या घासाला कळलं," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी कमरेचा एप्रन सोडला. "शेफ, आज दार तुम्ही उघडा. बेलीफबाई, वकिलांना सांगा, मी तीनला येत नाही. खबर मिळाली म्हणावं."

"आणि जागा?" लेकीनं विचारलं.

"कराराचा कागद दे माझ्याकडे."

"मी देऊ का नेऊन?" बेलीफबाई म्हणाल्या. "हातात कागद देणं, हेच तर माझं काम."

"नको. त्यांना वाटेल, कोर्टाचा आहे."

काकांच्या गाडीत पुढची जागा बर्फाच्या गोणपाटांनी भरलेली होती. ती त्यांनी मागे टाकली, सीट बाहीनं पुसली आणि म्हणाले, "वास येईल, वहिनी." मालकीणबाई चढून बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

७

बंदरावरच्या खानावळीत काय बोलणं झालं, ते दोघांनाच माहीत. काकांनी गाडी लांब उभी केली होती आणि ते दोन तास मासे नसलेली खोकी धूत बसले होते. त्यांनी पाहिलं ते एवढंच: मालकीणबाई बाकड्यावर बसल्या, आणि आतल्या माणसानं डावा हात काउंटरखाली नेला. नंतर केव्हातरी काकांनी मान वर केली, तेव्हा तो हात काउंटरवर होता आणि त्यावर दुसरा एक हात होता.

मोठे परत आले नाहीत. 'अजून नको' म्हणाले. ते 'नाही' म्हणाले नव्हते, हे मालकीणबाईंनी लेकीला दोनदा सांगितलं. सोमवारी उपाहारगृह बंद असतं. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा गेल्या, सहीला साक्षीदार म्हणून बेलीफबाईंना घेऊन. त्यानंतरच्या सोमवारी लेकही गाडीत बसली, दीड तास काही बोलली नाही, आणि मग काकांना म्हणाली की खिडकीची काच नीट बंद होत नाही, हे सात वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही का.

महिना संपायला दोन दिवस असताना मालकीणबाई घरमालकाच्या कार्यालयात गेल्या. बेलीफबाई साक्षीदार म्हणून बरोबर होत्या. कारकुनानं नवा करार घेतला, कपाटातून चौदा वर्षांपूर्वीचा काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुनी सही एका दमात केलेली होती, शेवटी सुरीनं ओढावी तशी सरळ रेघ. नवी सही वर-खाली होत गेली होती, दोन ठिकाणी पेन कागदावरून उठलं होतं, आणि शेवटची रेघ चौकटीबाहेर जाऊन थांबली होती.

"ही जुळत नाही," कारकून म्हणाला.

"माझ्यासमोर केलीये," बेलीफबाई म्हणाल्या. "पत्ता खाली लिहिलाय. शंका असेल तर जाऊन या. चार तास लागतात, जेवण चांगलं मिळतं."

कारकुनानं नव्या सहीवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायला सुरुवात केली. मालकीणबाईंनी हात पुढे केला आणि त्याच्या पेन्सिलीखालून कागद अलगद आपल्याकडे ओढला. त्या सहीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून चौकटीबाहेरच्या रेघेपर्यंत, जिथे जिथे ती वाकली होती तिथे तिथे वाकत. मग कागद पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"आता त्यांची सही अशीच आहे," त्या म्हणाल्या. "नोंद करून घ्या."